भावे, सुमित्रा

भावे, सुमित्रा : (१२ जानेवारी १९४३ – १९ एप्रिल २०२१). मराठी चित्रपटदिग्दर्शिका व पटकथालेखिका. व्यापारी निर्मितीसंस्थांच्या चौकटीबाहेर राहून सुमारे पस्तीस वर्षे सातत्याने चित्रपटनिर्मिती करणाऱ्या मोजक्या भारतीय दिग्दर्शकांत त्यांची गणना होते. जन्म पुणे येथे. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुणे विद्यापीठात. राज्यशास्त्र व समाजशास्त्र हे त्यांचे पदव्युत्तर अभ्यासाचे विषय होते. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी ग्रामीण कल्याण या विषयाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. काही काळ त्यांनी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्या दिल्या व नंतर पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन केले. चित्रपटकलेचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. एखाद्या चित्रपटगृहात वा ख्यातनाम दिग्दर्शकाच्या हाताखाली उमेदवारीही केलेली नव्हती. पहिला लघुपट त्यांनी केला तो वयाच्या चाळिशीनंतर आणि तोही संशोधनाच्या गरजेपोटी. त्यांच्या साऱ्या कारकीर्दीची घडण या एका गोष्टीतून समजू शकते.

पुण्यातील ईशवाणी केंद्राच्या ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात भावे संशोधनाचे काम करीत होत्या. झोपडपट्टीत राहणाऱ्या, मुख्यतः दलित स्त्रियांच्या जीवनकथा त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदविणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. त्यातील आठ स्त्रियांची आत्मकथने गेल ऑम्व्हेट यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या रूपाने ‘पॅन ऑन फायर’ या नावाने १९८८ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. ग्रंथ विद्वानांपर्यंत पोहोचतो; परंतु ज्या स्त्रियांनी आपली आयुष्ये उघडी करून सांगितली त्यांतील बहुतेकींना तो वाचता येणे शक्य नव्हते. संशोधनाचे फलित ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते परत कसे द्यावयाचे, हा समाजशास्त्राच्या अभ्यासकांना नेहमी पडणारा व बहुधा अनुत्तरित राहणारा प्रश्न आहे. भावे यांनी त्याचे उत्तर चित्रपटात शोधले. ‘बाई’ (१९८५) हा लघुपट त्यातून निर्माण झाला. कुटुंबकल्याण विषयावरील सर्वोत्कृष्ट लघुपट म्हणून त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ग्रामीण स्त्रियांच्या पाण्यासाठीच्या धडपडीवरील ‘पाणी’ (१९८७) या त्यानंतरच्या लघुपटासही तोच मान लाभला.

भावे यांना ‘स्वतंत्र’ दिग्दर्शिका म्हटले जाते, तेव्हा या विशेषणाचा अर्थ नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. चित्रपटाला लागणारे भांडवल मोठे असते व ते दुसऱ्याचे असते. त्यामुळे संपूर्ण स्वतंत्र असा चित्रपट सहसा संभवत नाही. विषयाची निवड, पटकथा, नटसंच आणि अंतिम संकलन यांबाबतचा निर्णय भांडवल पुरविणाऱ्याच्या बाजारविषयक अपेक्षांवर न सोपविता दिग्दर्शकाने आपल्या हाती ठेवणे, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ होय. भावे यांनी ‘बाई’ केला तेव्हा मराठी चित्रपटसृष्टीत विनोदी चित्रपटांची चलती होती. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’, ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘उंबरठा’ (१९८२) यांसारख्या चित्रपटांनी वेगळ्या मराठी चित्रपटालाही प्रेक्षक मिळू शकतो हे दाखविले होते. परंतु त्या वाटेने नियमितपणे जाता येईल अशी अर्थव्यवस्था उभी राहिलेली नव्हती. अशा स्थितीत भावे यांनी भांडवलाचा उगमच बदलला. सामाजिक संस्था, शासकीय महामंडळे, दूरदर्शन, वैद्यकीय क्षेत्रातील न्यास व व्यक्ती यांच्याकडून त्यांना वेळोवेळी अर्थसाहाय्य मिळत गेले. या पैशाला नफ्याची अपेक्षा नसते, पण प्रबोधनाची असते. ही दुसरी अपेक्षा कलावंताला पहिलीइतकीच जाचक ठरू शकते. तिच्याशी भावे यांनी केलेला व्यवहार हाच त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत उद्‌बोधक भाग आहे.

‘चाकोरी’ (१९९२) या छोटेखानी चित्रपटात त्यांची पद्धती स्पष्ट दिसते. नवऱ्याने टाकलेली एक तरुण खेडूत स्त्री सायकल चालविण्यास शिकते, एवढाच त्याचा विषय. परित्यक्तांचा प्रश्न, पोटगीचा कायदा, स्त्रीशिक्षणाचे महत्त्व यांवर त्यात भाषणे घालता आली असती. त्याऐवजी सायकल ही वस्तू, तिचा तोल, पडण्याची भीती आणि रस्त्यावरून एकटीने जाणाऱ्या बाईकडे पाहणारे गाव एवढ्यावरच पटकथा रचलेली आहे. मुलाखती घेऊन माहिती जमविणाऱ्या संशोधकाला माणसाच्या बोलण्यातील बारकावे व घरातील वस्तूंचे स्थान यांची सवयीने नोंद होत असते. ती नोंद भावे यांच्या पटकथांचा कच्चा माल आहे. त्यांच्या व्यक्तिरेखा काय करतात यापेक्षा त्या काय करता करता बोलतात, हे पाहण्यासारखे असते. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गुरांना वैरण टाकताना झालेली संभाषणे त्यांच्या चित्रपटांतून कथानकाला पुढे नेतात. कथा, पटकथा व संवाद हे तिन्ही भाग बहुतेक वेळा त्या स्वतः लिहीत. कलादिग्दर्शन व वेशभूषा यांतही त्यांचे लक्ष असे. घराच्या भिंतीला पोपडे किती असावेत, हा त्यांच्या दृष्टीने पटकथेचाच भाग होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ व दूरदर्शन यांच्या साहाय्याने तयार झालेला ‘दोघी’ (१९९५) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट. लग्नासाठी निघालेल्या वऱ्हाडाला अपघात होतो आणि मांडवात उभी असलेली गौरी ही थोरली मुलगी गावाच्या दृष्टीने अपशकुनी ठरते. बाप अंथरुणाला खिळतो, घराची उपासमार होऊ लागते. अखेरीस आई तिला मामाबरोबर मुंबईला पाठविते. ती तेथे काय करते हे आईला कळते आणि तरीही तिने पाठविलेल्या पैशावर घर उभे राहते. धाकट्या कृष्णेचे लग्न ठरते तेव्हा घरी परतलेल्या गौरीला मात्र त्या घरात जागा उरलेली नसते. या कथेत खलनायकाला वाव भरपूर होता. पटकथेने तो नाकारला आहे. मुलीला विकणारी व पुन्हा तिला उंबऱ्याबाहेर ठेवणारी आई ही क्रूर नाही, ती भुकेलेली व लाजेने पिचलेली आहे. ही भूमिका उत्तरा बावकर यांनी केली. रेणुका दफ्तरदार (गौरी) व सोनाली कुलकर्णी (कृष्णा) यांच्या दोन बहिणींमधील जिव्हाळ्याचे प्रसंग मराठी चित्रपटांतील अशा प्रसंगांच्या नेहमीच्या भावविवशतेपासून दूर आहेत. वेश्याव्यवसायाचे एकही दृश्य न दाखविता त्याची छाया साऱ्या घरावर पाडण्याची या चित्रपटातील युक्ती दिग्दर्शनापेक्षाही लेखनाची आहे : गौरीची मुंबई प्रेक्षकाला मनिऑर्डरीतून, मौनातून व शेजाऱ्यांच्या बदललेल्या नजरेतून कळते. इतर सामाजिक प्रश्नांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘दोघी’स मिळाला.

भावे यांच्या दिग्दर्शनाचा विचार सुनील सुकथनकर यांना वगळून करता येत नाही. पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत दिग्दर्शनाचे शिक्षण घेतलेले सुकथनकर हे ‘बाई’पासून त्यांच्या समवेत होते. पुढील बहुतेक चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे आहेत. लेखनाची मुख्य जबाबदारी भावे यांच्याकडे, तर गीतरचना सुकथनकरांकडे अशी साधारण विभागणी असे. वयाने एका पिढीचे अंतर असलेल्या, एक समाजशास्त्रातून व दुसरा चित्रपटविद्येतून आलेल्या अशा दोन व्यक्तींनी इतका दीर्घकाळ एकत्र दिग्दर्शन केल्याचे उदाहरण भारतीय चित्रपटसृष्टीत विरळाच आढळते. दोघांनी मिळून पंधरांहून अधिक कथाचित्रपट व अनेक लघुपट केले. एड्‌स या रोगाविषयीचा ‘जिंदगी जिंदाबाद’ (१९९७) हा हिंदी चित्रपट त्यांतीलच होय. ‘दहावी फ’ (२००२) मध्ये शाळेतील ‘फ’ तुकडीची, म्हणजे नापासांच्या व गरिबांच्या वर्गाची, कथा आहे. हातून झालेली शाळेची मोडतोड ही मुले शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतः पैसे मिळवून भरून देतात. अतुल कुलकर्णी यांनी शिक्षकाचे काम केलेला हा चित्रपट त्यांच्या इतर चित्रपटांच्या तुलनेने सरळसोट आहे.

‘वास्तुपुरुष’ (२००२) ही मात्र त्यांच्या लेखनाची सर्वांत प्रौढ कृती मानावी लागेल. नामवंत झालेला एक डॉक्टर अनेक वर्षांनी आपल्या गावातील पडक्या वाड्यात परततो व त्याला आपले पौगंडवय आठवू लागते. पूर्वी जमीनदारी असलेल्या ब्राह्मण कुटुंबाची, जमिनी कुळांकडे गेल्यानंतरची ही कथा आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ यातील सुधारणेनुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणारी कुळे जमिनीची मालक झाली (मराठवाड्यात हा बदल हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० या वेगळ्या कायद्याने घडून आला). या घटनेचे राजकीय व आर्थिक विवेचन विपुल झाले आहे. परंतु एखाद्या वाड्याच्या माजघरात ती कशी अनुभवली गेली, हे मराठी चित्रपटाने क्वचितच दाखविले होते. चित्रपटातील पुरुष गतवैभवाच्या आठवणीत वा हताशेत गुरफटलेले आहेत. आई तेवढी पुढे पाहते. घराने पूर्वी केलेल्या अन्यायामुळे वास्तुपुरुष अशांत आहे व धाकट्या मुलाने डॉक्टर होऊन गावाची सेवा केली तरच तो शांत होईल, असे तिने मनाशी घेतलेले आहे. अंधश्रद्धेचा उपयोग येथे नैतिक ऋणाची भाषा म्हणून केलेला आहे आणि त्यामुळे पुरोगामी विचाराच्या चित्रपटांत सहसा न आढळणारी गुंतागुंत त्यात आली आहे. कुळांची बाजू न्याय्य आहे हे पटकथा गृहीतच धरते. तरीही ज्यांचे गेले त्यांच्या दुःखाला ती हसत नाही. या चित्रपटास त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला.

पुढील दशकात भावे–सुकथनकर यांनी मनाच्या व शरीराच्या आजारांवर अनेक चित्रपट केले आणि प्रबोधनाच्या अपेक्षेचा वर उल्लेखिलेला प्रश्न येथे तीव्रतेने उभा राहिला. आजाराची लक्षणे, त्यावरील उपचार व नातेवाइकांनी घ्यावयाची काळजी ही माहिती पुरविण्यास माहितीपट पुरेसा असतो. कथाचित्रपटाने तेच केले, तर तो कथा राहत नाही. ‘देवराई’ (२००४) मध्ये छिन्नमानसाने (स्किझोफ्रेनियाने) ग्रासलेल्या शेष या तरुणाच्या (अतुल कुलकर्णी) मनात गावची देवराई घर करून राहिलेली आहे. देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले हे कोकणातील वन आणि शेषच्या मनातील गर्द, वाट न सापडणारे विचार यांची सरमिसळ पटकथेत अशी केली आहे, की आजार हा केवळ वैद्यकीय विषय राहत नाही. गंमत अशी, की मनोविकाराविषयीच्या जाणीवजागृतीच्या हेतूने निघालेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरणसंरक्षणावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. ‘नितळ’ (२००६) मध्ये अंगावर कोड असलेली एक तरुण डॉक्टर स्त्री (देविका दफ्तरदार) व तिला सून म्हणून स्वीकारताना सुशिक्षित घराची होणारी घालमेल चित्रित झाली आहे. येथे मात्र काही प्रसंगांत पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी प्रेक्षकांशी बोलत आहेत असे जाणवते. माहितीचा अधिकार हा विषय घेतलेल्या ‘एक कप च्या’ (२००९) मध्ये भरमसाट वीजबिल आलेल्या एस.टी. कंडक्टरची (किशोर कदम) कथा आहे. तिच्यातील घरगुती विनोदामुळे असा दोष पुष्कळसा झाकला जातो.

‘अस्तु’ (२०१३) व ‘कासव’ (२०१६) या दोन चित्रपटांत हा प्रश्न उरत नाही. ‘अस्तु’मधील चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे विद्वान स्मृतिभ्रंशाने हळूहळू सारे विसरत चाललेले आहेत. मुलगी (इरावती हर्षे) त्यांना मोटारीत बसवून क्षणभर दुकानात जाते, तेवढ्यात रस्त्याने चाललेला हत्ती पाहून ते त्याच्यामागे चालू लागतात. एका बाजूस शहरातील सुशिक्षित कुटुंबाची अपराधभावनेने भरलेली शोधाशोध व दुसऱ्या बाजूस कन्नड बोलणारी माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) हिने या म्हाताऱ्याला आपल्या मुलासारखे सांभाळणे, असे दोन धागे पटकथेत समांतर चालतात. शास्त्रीबुवांना आता नावे, नाती व शास्त्रवचने आठवत नाहीत आणि चन्नम्माला ती कधी ठाऊकच नव्हती. दोघांची भेट त्या पातळीवर होते. या चित्रपटाच्या संवादांसाठी भावे यांना व सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कन्नड न समजणाऱ्या प्रेक्षकालाही चन्नम्माचे बोलणे कळावे, इतपत मोजके व क्रियेशी जोडलेले ते संवाद आहेत.

‘कासव’मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाला (आलोक राजवाडे), स्वतः नैराश्यातून सावरत असलेली जानकी (इरावती हर्षे) कोकणच्या किनाऱ्यावरील घरात आश्रय देते. त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची अंडी राखण्याचे काम चालू आहे. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात निघून जाते. अंड्यांचे कोल्ह्याकुत्र्यांपासून रक्षण करता येते. पिल्लांना मात्र पाण्यापर्यंतचे अंतर स्वतःच काटावे लागते, त्यांना उचलून समुद्रात सोडले जात नाही. रोग्याची शुश्रूषा कोठपर्यंत करावी व कोठे थांबावे, हा प्रश्न चित्रपट या दृश्यातूनच मांडतो. तरुणाच्या नैराश्याचे कारण पटकथा सांगत नाही. ही तिची त्रुटी नसून बळ आहे. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचे सुवर्णकमळ ‘कासव’ला मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ व ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळविणारा तो पाचवा मराठी चित्रपट होय.

या सन्मानांच्या तुलनेत हे चित्रपट किती लोकांनी पाहिले, हा प्रश्न विचारला तर उत्तर समाधानकारक येत नाही. ‘अस्तु’ पूर्ण झाला २०१३ मध्ये, पण चित्रपटगृहांत लागला २०१६ मध्ये. तोही प्रदर्शनाच्या खर्चासाठी लोकवर्गणी जमवून. ‘कासव’ सुवर्णकमळ जाहीर झाल्यावर २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपट तयार करण्याइतकाच, कधी त्याहून अधिक, खर्च तो लोकांपर्यंत नेण्यास येतो. निर्मितीसाठी देणगी देणारी संस्था वितरणाचा भार सहसा उचलीत नाही आणि वितरकाला ओळखीचा तारा व जाहिरातीची रक्कम हवी असते. त्यामुळे हे चित्रपट महोत्सवांतून, चित्रपट-मंडळांतून, महाविद्यालयांतून व मानसोपचारतज्ज्ञांच्या सभांतून पाहिले गेले. मोहन आगाशे हे अभिनेते त्याचप्रमाणे मनोविकारतज्ज्ञही असल्याने चित्रपटानंतर प्रेक्षकांशी चर्चा करण्याची प्रथा या चित्रपटांभोवती रूढ झाली. मोठ्या शहरांत हे जमते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या गावच्या प्रेक्षकाला असा चित्रपट पाहावयाचा तर दूरदर्शनवर तो लागण्याची वाट पाहणे, एवढाच मार्ग दीर्घकाळ होता. ‘दोघी’ व ‘चाकोरी’ ज्या स्त्रियांविषयी आहेत त्या प्रामुख्याने अशाच गावांत राहतात. संशोधन ज्यांचे त्यांना परत करावे, या हेतूने सुरू झालेली ही वाटचाल त्या अर्थी अपुरी राहिली. त्यात दोष चित्रपटांचा कमी व वितरणव्यवस्थेचा अधिक आहे.

टीकाकारांनी भावे यांच्या चित्रपटांवर घेतलेले आक्षेप मुख्यतः दोन आहेत. ते शब्दबहुल आहेत हा एक, आणि त्यांतील माणसे अखेरीस फार समजूतदार होतात हा दुसरा. पहिला आक्षेप आरंभीच्या व मधल्या काळातील काही चित्रपटांना लागू पडतो. दुसरा अधिक मूलगामी आहे. भावे यांच्या लेखनात दुष्टपणा हा बहुधा अज्ञानाचा, भीतीचा वा दारिद्र्याचा परिणाम असतो. म्हणून समजूत पटली की तो विरतो. जातीय अत्याचारासारख्या विषयांना, जेथे दुसरी बाजू समजून घेतल्याने फारसे काही बदलत नाही तेथे, ही दृष्टी अपुरी पडते. त्यांच्या नंतरच्या पिढीतील नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) चा शेवट पाहिला म्हणजे हे अंतर ध्यानात येते.

सुभाष घई यांच्या संस्थेच्या सहभागाने झालेला ‘संहिता’ (२०१३) हा चित्रपट लेखनाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. एक पटकथाकार स्त्री एका संस्थानिकाची कथा लिहीत असताना तिच्या स्वतःच्या संसारातील प्रश्न त्या कथेत शिरतात, अशी त्याची रचना आहे. शैलेंद्र बर्वे यांच्या संगीतास व आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या गायनास या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. भावे यांचा अखेरचा चित्रपट ‘दिठी’ हा दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता अमोद सुनासि आले’ या प्रसिद्ध कथेवर आधारलेला आहे. तीस वर्षे वारी केलेल्या रामजी लोहाराचा (किशोर कदम) तरुण मुलगा पुरात वाहून जातो. त्याची श्रद्धा कोलमडते. अशा वेळी अडलेल्या गाईची सुटका करण्यासाठी गावकऱ्यांना त्याची गरज भासते, कारण ते कसब त्याच्याच हातात आहे. बहुतेक सारा चित्रपट पावसाळी अंधारात व मंद उजेडात घडतो. पूर्वीच्या चित्रपटांतील संवादांची विपुलता येथे ओसरलेली असून गोठ्यातील श्वास, पाऊस व गाईचे हंबरणे यांवर अधिक भिस्त ठेवलेली आहे. सामाजिक प्रश्न वा आजार असा विषय या चित्रपटाला नाही आणि कोणाचे प्रबोधन करण्याची जबाबदारीही त्याच्यावर नाही.

भावे यांचे पुणे येथे फुप्फुसाच्या विकाराने निधन झाले. ‘दिठी’ त्यानंतर सुमारे एक महिन्याने, २१ मे २०२१ रोजी, करोनाच्या साथीमुळे चित्रपटगृहे बंद असताना, सोनी लिव्ह या आंतरजालीय वाहिनीवरून प्रदर्शित झाला.